बारभाई आणि अडगावचे शिवार

‘बारभाई कारभार’ हा शब्द मी तेल्हाऱ्यात लहानपणापासून टोमण्यासारखाच ऐकत आलो. लग्नघरात कोणी कोणाचे ऐकेनासे झाले की एखादे आजोबा तो हमखास उच्चारीत. मित्रांनो, इतिहास वाचू लागल्यावर मला प्रथम खटकला तो हाच शब्द.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांना गादीपासून दूर ठेवण्यासाठी सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी मुत्सद्दी एकत्र आले, तेच बारभाई. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि त्या तान्ह्या पेशव्याच्या नावाने हे मंडळ राज्य व युद्ध दोन्ही चालवू लागले.

येथे मला फ्लॉरेन्स आठवते. त्या नगरराज्यातील नऊ जणांचे शासनमंडळ दर दोन महिन्यांनी बदलत असे. एवढ्या अल्पायुषी मंडळाने युद्ध कसे रेटावे? म्हणून १३७५ मध्ये पोपशी जुंपली तेव्हा त्यांनी आठ जणांची स्वतंत्र युद्धसमिती नेमली. बारभाईंना कोणी निवडले नव्हते. त्यांच्यात फाटाफूटही होती. पुढे नानांनीच बापूंना कैदेत टाकले. नागपूरकर भोसले तर तेव्हाही इंग्रजांशी आतून बोलणी करीतच होते. तरीही जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे व तुकोजी होळकर एकाच बाजूने उभे राहिले आणि इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला.

१८०० मध्ये नाना वारले. तीन वर्षांनी युद्ध आमच्या दारात आले.

अडगाव आमच्याच तालुक्यात. इंग्रजी ग्रंथांतले ‘आरगाव’ ते हेच, हे मला फार उशिरा कळले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे वेलस्लीसमोर भोसल्यांची फौज होती. नेतृत्व रघुजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांचे. सहाच दिवसांपूर्वी शिंद्यांच्या वकिलाने वेलस्लीशी युद्धतहकुबी केली होती, तीत भोसले नव्हते. शिंद्यांचे घोडदळ मात्र अजून भोसल्यांच्याच शेजारी उभे होते. तहाची अट पाळली नाही, हे निमित्त वेलस्लीला आयतेच मिळाले. यशवंतराव होळकर तर या युद्धात उतरलेच नव्हते. एकाने तह करावा, दुसऱ्याने लढावे, तिसऱ्याने दुरून पाहावे. आणि तिघांना एका जागी बसवील असे मंडळ उरलेले नव्हते.

आरंभी मराठी तोफांपुढे कंपनीच्या तीन पलटणी पळाल्या होत्या. वेलस्लीने त्यांना स्वतः सावरले. सायंकाळपर्यंत अडतीस तोफा त्याच्या हाती पडल्या आणि चांदण्यात पाठलाग सुरू झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेले. नरनाळा, गाविलगड आणि लगतचा थोडा मुलूख तेवढा राहिला.

अडगावच्या शिवारात मी गेलो तेव्हा कापसाची वेचणी चालली होती. उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसत होता. घरी परतल्यावर पुन्हा कोणीतरी ‘बारभाई’ म्हणाले, आणि या खेपेस मी हसलो नाही.