हजारी मजुरी

निपाणीच्या आमच्या घरात घड्याळ होतं, पण आईच्या कामाला ते कधी लागू पडलं नाही. मजुरी तासावर नव्हतीच, हजार विड्यांवर होती. टेंभुर्णीची पानं रात्री भिजवायची, पहाटे पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं. शाळेतून आलो की मी बंडलांना दोरा बांधायचो, आक्का विड्यांची तोंडं मिटायची. दप्तरी कामगार मात्र एकच.

संध्याकाळी चेकर मूठ-दोन मूठ विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. पानं कमी पडली तर पदरचे पैसे घालून आणायची.

1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. पण किमान मजुरीचा दर तेव्हा 1948 च्या कायद्यानं राज्य सरकार ठरवायचं. आमच्या सीमाभागात खरी गोम इथंच. कोगनोळी ओलांडली की कागल. पान तेच, तंबाखू तीच, बोलीही तीच, पण त्यांचा दर मुंबईत ठरतो, आमचा बेंगळूरात. इकडं दरवाढीची भाषा निघाली की “काम पलीकडं जाईल” हे ऐकायला मिळायचंच. विडीला यंत्र लागत नाही, सूप आणि बाई लागते. असा धंदा हलवायला वेळ तो कितीसा? केंद्रानं तळदर ठरवावा आणि कुठल्याही राज्यानं त्याखाली जाऊ नये, अशी तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आहे. मला ती पटते.

मजुरी स्वस्त म्हणून तर गाव जगलं, असं आमच्यातले वडीलधारे म्हणतात. जगलं खरं, पण वाढलं का? आईच्या हातात चार पैसे जादा आले की ते त्याच आठवड्यात वाण्याकडं, शिंप्याकडं, वह्यांच्या दुकानात जायचे. म्हणजे गावातच फिरायचे. आणि बायका-पोरांचा वेळ फुकट मिळत असताना कामाची पद्धत सुधारायची गरज कुणाला वाटणार?

आक्का सातवीनंतर शाळेत गेली नाही. तिच्या बोटांना वेग होता, आणि तिच्याशिवाय हजार भरत नसत.

परवा फोनवर विचारलं, “आक्का, तुझ्या नावाचं कार्ड होतं का गं? फंड वगैरे?”

“माझं कशाला? आईच्याच कार्डावर की,” ती म्हणाली, आणि नातवाच्या परीक्षेचं सांगायला लागली.