डोकं आणि खांदे पोटमाळ्यात!

कामात आहात का? असाल तर ठेवा बाजूला! मला हे कुणाला तरी सांगायचंच आहे, आणि नवरा मघाशीच कानाला हेडफोन लावून वरच्या खोलीत गेलाय.

तर आम्ही न्यू जर्सीत घर घेतोय. लाकडी, 1956 सालचं. गाठीशी फार नाही, म्हणून एफएचए या सरकारी संस्थेचं कर्ज. किमतीच्या साडेतीन टक्के भरा आणि घर घ्या! (क्रेडिट स्कोअर किमान 580 लागतो. आमचा किती ते विचारू नका, पण लागतो त्याच्या वर आहे!) मला इतके दिवस वाटायचं, पैसे सरकार देतं. छे! पैसे बँकच देते, आणि सरकार 1934 पासून त्या बँकेला विमा देत आलंय, की हे लोक बुडाले तर आम्ही बघू. त्या विम्याचा हप्ता मात्र आपण भरायचा!

आता बघा हं. आम्ही बुडालो तर ते घर सरकारच्याच गळ्यात पडणार ना? म्हणून आधी आमचे पगार तपासले आणि मग घर!

खरं तर घराची किंमत ठरवणारा अप्रेझर येतो तेव्हा घेणाऱ्याचं तिथे काही काम नसतं. मी एजंटच्या मागे लागून गेले. त्या गृहस्थांनी आधी नळ सोडले, आणि मग फ्लश ओढला, आणि मग गरम पाणी येतंय का ते पाहिलं, आणि मग भर जुलैत हीटर चालू केला! जुलैत! का, तर जिथे पाण्याचे पाइप आहेत तिथे हिवाळ्यात किमान 50 फॅरनहाइट, म्हणजे आपले 10 सेल्सिअस, टिकले पाहिजेत. नाहीतर पाइप गोठून फुटतील! आणि मग त्यांनी शिडी लावली, पोटमाळ्याचं झाकण सरकवलं आणि डोकं आत घातलं. मग खांदे. आणि तेवढ्यावरच थांबले! खाली नुसते पाय! मला वाटलं, अडकले.

अडकले नव्हते हो! नियमच तसा आहे! पोटमाळ्यात किमान डोकं आणि खांदे शिरले पाहिजेत. घराखाली पोकळी असेल तर तिथेही डोकं आणि खांदे! 4000.1 असं रुक्ष नाव असलेल्या, हजारावर पानांच्या सरकारी पुस्तकात हे लिहिलंय. मी ते रात्री दोनपर्यंत वाचत होते. हो, मी! सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त न वाचता सही करणारी!

छप्पर अजून दोन वर्षं तरी टिकेल असं हवं. खिडकीची काच तडकलेली, गालिचा डागाळलेला, तरी चालतं. पूर्वी असल्या गोष्टींवरूनही अडायचं, 2005 मध्ये सरकारने तो हट्ट सोडला. आणि बेडरूमच्या खिडकीला ग्रिल? डोंबिवलीत आमच्या बाबांनी घर घेतल्यावर पहिलं काम ग्रिलचं केलं होतं. इथे ग्रिल असेल तर विचारतात, आग लागली तर आतून उघडून बाहेर कसे पडाल? बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, मग चोर?

आणि मग रंग! मागच्या शेडच्या भिंतीला रंगाचे पोपडे आले होते. शेडच्या! पण घर 1978 च्या आधीचं, म्हणजे रंगात शिसं असू शकतं, पोरं पोपडे तोंडात घालतात, तेव्हा खरवडा आणि रंगवा. विकणारे आजोबा तडकले. ‘हे गिऱ्हाईक जाऊ दे, दुसरं बघू!’ तेव्हा त्यांच्या एजंटने त्यांना सांगितलं (आणि इथे मी जवळजवळ टाळी वाजवली), की अप्रेझरचा अहवाल गिऱ्हाइकाला नाही, घराला चिकटतो! 180 दिवस! उद्या दुसरा कुणी एफएचएचं कर्ज घेऊन आला तरी हेच पोपडे त्याच्याही फायलीत! आजोबा गप्प. शनिवारी पत्रा आणि ब्रश घेऊन बसले.

मी मात्र बावळटासारखी समजत होते, की झाली घराची तपासणी. झाली कुठे! हे फक्त किंमत आणि किमान अटींपुरतं. सरकारच आपल्याला कागद देतं, की बाई गं, तुझा स्वतःचा इन्स्पेक्टर बघ. बघितला. तो पोटमाळ्यात पूर्ण शिरला, पायांसकट!

शेजारचे निवृत्त सैनिक म्हणाले, हे काहीच नाही, सैनिकांच्या कर्जात अनेक राज्यांत वाळवीचीही तपासणी लागते. वाळवी! आता तेही पुस्तक शोधतेय.

मंगळवारी तो अप्रेझर पोपडे गेले का ते पाहायला परत येतोय. मी रजा टाकलीये. येताय का? शिडी तिथेच आहे.