गॅसबत्तीखालची सभा

पोळा झाला की आमच्या गावात ऊसतोड मजुरांच्या युनियनची माणसं यायची.

धारूरच्या डोंगरातलं गाव. मुरमाड रान, पावसावरचं एक खरीप, तेही आलं तर आलं. बाजरी निघाली, तूर उभी राहिली की पुढं सहा महिने हाताला काम नाही. म्हणून दसऱ्याला सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवसापासून बाया गाठोडी बांधायला बसायच्या. दिवाळीच्या पुढं-मागं ऊसतोडीला गाड्या निघायच्या. कुणी नगरला, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी पार बेळगावाकडं. पाडव्याच्या सुमाराला कारखान्यांचा पट्टा पडला की माणसं परतायची. मी आजीजवळ राहिलो म्हणून शिकलो. माझी दोन धाकटी भावंडं माय आणि आबांबरोबर फडावर गेली, त्यांची शाळा तिथंच सुटली. हे सांगतो, कारण युनियनच्या त्या सभांमध्ये मला जे काम मिळालं ते मला लिहिता येत होतं म्हणून मिळालं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुक्कामाच्या एसटीनं दोघं-तिघं उतरायचे. खांद्याला शबनम, तिच्यात पावतीपुस्तक, गुलाबी कागदावरची पत्रकं आणि घडी घातलेला झेंडा. गावात वीज आलेली होती, पण सभेच्या वेळेला ती हमखास जायची. मग पारावर गॅसबत्ती यायची. पंप मारता मारता मेंटल आधी निळसर, मग पिवळं आणि एकदम पांढरंफेक पेटायचं, बत्ती सूं सूं करायला लागायची. हलगी वाजली की गडीमाणसं पारासमोर जमायची. बाया मागं, भिंतीच्या कडेला, उजेड संपतो तिथं बसायच्या. त्या अंधारात बसायच्या याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. आज त्या सभा आठवल्या की सगळ्यात आधी ती भिंत आठवते.

सभेत पहिल्यांदा दराचा विषय निघायचा. टनाला किती, वाहतुकीला किती, मुकादमाचं कमिशन किती. पण सभा दरावर थांबत नसे. रेशनचं धान्य महिन्याच्या कितव्या तारखेला येतं, रोजगार हमीचं काम मागायचा अर्ज कुठं द्यायचा, मस्टरवर नाव लागलं का, पाझर तलावाची मजुरी का अडकली, शाळेला मास्तर का नाही, हे सगळं त्याच पारावर निघायचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं समोर बसलेली असायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, पण कायद्यात लिहिलेलं काम गावात आणायला तहसीलवर मोर्चा न्यावा लागतो, हे आम्हाला युनियननं शिकवलं. मोर्चाला निघताना प्रत्येक घरातून फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. युनियनची माणसं ज्या घरी जेवायची त्या घराची जात कधी विचारत नसत. आमच्या गावात तेव्हा ही लहान गोष्ट नव्हती.

माझं काम पावत्या लिहायचं. वर्गणी घ्यायची, नाव लिहायचं, कार्बन नीट खाली सरकवायचा, पावती फाडून द्यायची. घरी जाईपर्यंत बोटं निळी. कितीतरी जण नाव सांगून झालं की सवयीनं अंगठा पुढं करायचे. कारण आयुष्यात ज्या ज्या कागदाशी त्यांचा संबंध आला, तिथं अंगठाच मागितला गेला होता. मुकादमाच्या वहीवर अंगठा, उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाच्या कागदावर अंगठा, आणि त्या कागदावर वर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवत नसे. ‘इथं अंगठा नगं, ही पावती तुमच्याकडं ठेवायची,’ असं सांगितलं की माणूस ती उलटसुलट करून बघायचा आणि टोपीत ठेवायचा. आमच्या आबांनी एका हंगामाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत माझ्या शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवल्या होत्या.

बीड जिल्ह्याला हे नवं नव्हतं. ज्यांनी साताऱ्याकडं प्रतिसरकार चालवलं ते क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ साली बीडमधून लोकसभेवर गेले, कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. पुढं १९७७ ला गंगाधर अप्पा बुरांडे मार्क्सवादी पक्षाकडून इथूनच निवडून आले. पाथर्डीच्या बबनराव ढाकण्यांनी ऊसतोड कामगारांची संघटना बांधली आणि १९८९ मध्ये तेही बीडचे खासदार झाले. नंतर गोपीनाथ मुंडे आले, आणि मजुराला आपला माणूस कारखानदारांसमोर बसलेला दिसला. झेंड्यांचे रंग वेगळे होते, एकमेकांशी भांडणंही होती. पण दसऱ्याच्या तोंडावर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा: कोयता बंद, म्हणजे ऊसतोडीचा संप.

कोयता बंद मी एकदा डोळ्यांनी पाहिला. नगरच्या रस्त्यावर, कडा गावाच्या पुढं. बैलगाड्या सोडलेल्या, बैलांना कडबा टाकलेला, बाया रस्त्याच्या कडेलाच चुली मांडून बसलेल्या. कुणी ट्रकमधून माणसं चोरून नेऊ लागला की पोरं आडवी पडायची. आठ दिवस बंद म्हणजे काय, तर घरातलं पीठ संपणं. उचल तर आधीच खर्च झालेली, किराणावाला उधार देत नाही. आबा तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘लेकरांचं काय करायचं?’ आणि मायनं उत्तर दिलं, ‘आत्ता गेलो तर पुढल्या तीन सालांचं काय करायचं?’ ती सभेत एक शब्द कधी बोलली नव्हती. पण करार तीन वर्षांचा असतो, हे तिला भिंतीकडेला बसून पक्कं कळलं होतं.

आज काय आहे?

दर वाढला, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या माणसांवर अन्याय होईल. २०२० च्या संपानंतर सरासरी १४ टक्के वाढ मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीत ३४ टक्के वाढ ठरली, तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. हे संघटनांच्या रेट्याशिवाय झालं नसतं. पण एक जोडी दिवसभरात दीड-दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले तरी ७३२ रुपये, दोघांत. पहाटे तीन-चारला उठून बाईनं स्वयंपाक करायचा, उजाडायच्या आत फडात, तोडायचं, पाचट काढायचं, वाढ्यानं मोळी बांधायची, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री येते म्हटलं तर रात्री भरायचं. बारा-चौदा तासांच्या त्या दिवसाचे एका माणसाला ३६६ रुपये. आजारी पडून एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे पाचशेपर्यंत दंड. एका दिवसाची कमाई जाऊन वर पुन्हा दंड.

आणि सभा गावातून गेली. दराची बोलणी पुण्यात होतात, निकाल व्हॉट्सअॅपवर कळतो. परवा गावातल्या एका पोराला विचारलं, करारात काय ठरलं रे? तो म्हणाला, ‘काका, फोटू आलाय, बैठकीचा.’ फोटो होता, करार नव्हता. पूर्वी असा करार गॅसबत्तीखाली कलमवार वाचला जायचा. एखादा म्हातारा मध्येच थांबवून ‘हे डोकी सेंटरला बी लागू हाय का नुसतं गाडीला?’ म्हणजे डोक्यावरून ट्रक भरणाऱ्यांनाही लागू की फक्त बैलगाडीवाल्यांना, असं विचारायचा आणि वाचणाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. तो प्रश्न विचारायची जागाच आता उरलेली नाही.

उचलीचा आकडा पन्नास हजारांपासून लाखाच्या वर गेला. वहीवरच्या अंगठ्याची जागा नोटरीच्या कागदानं आणि कोऱ्या चेकनं घेतली. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते, आणि माणूस पुढच्या हंगामाला आधीच विकला गेलेला असतो. त्यात हार्वेस्टर आले. २०२३ मध्ये राज्यानं ९०० हार्वेस्टरना अनुदान द्यायचं ठरवलं. यंत्राला माझा विरोध नाही, मोळी डोक्यावरून उतरली तर कुणाला नको आहे? पण यंत्र घेणाऱ्याला अनुदान मिळतं, तर त्या यंत्रानं ज्यांना कोयता खाली ठेवायला लावला त्यांच्यासाठी काय, हा प्रश्न गावोगाव जाऊन विचारणारी सभा मला दिसत नाही.

कायद्याचं तर असं की बीडच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्या हमालासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. मंडळाकडं नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर भविष्यनिर्वाह निधी. त्याच हमालाचा सख्खा भाऊ फडात मोळ्या उचलतो, त्याला यातलं काही नाही. ऊसतोड मजुरासाठी माथाडीसारखं मंडळ करा, ही मागणी मी शाळेत असताना ऐकली होती. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी केलेला. म्हणजे निपाणीच्या पुढं गेलेल्या कोयत्याला तो लागू होता, आणि अलीकडं कागलला थांबलेल्याला नव्हता. पाल तसंच, ऊस तसाच.

सगळ्यात मोठा घाव मात्र त्या भिंतीकडेला बसलेल्या बायांच्या अंगावर पडला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यानं पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. किती तरी जणी तिशी-पस्तिशीच्या. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, बाळंतपणाची रजा हा शब्दच नाही. दुखणं घेऊन दवाखान्यात गेलं की ‘काढून टाका, कटकट मिटेल.’ ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतून. माझ्या चुलतबहिणीचं असंच झालं. हंगाम बुडू नये म्हणून ती टाके पुरते भरायच्या आत फडात गेली. आमच्या त्या सभांमध्ये मी शेकडो पावत्या लिहिल्या, पण बाईच्या नावाची पावती लिहिल्याचं मला आठवत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. उचल दोघांवर, काम दोघांचं, नाव एकाचं. आम्हीही तेच केलं. चांगल्या माणसांच्या चांगल्या चळवळीतली ही चूक होती, आणि ती बायांना आपल्या अंगावर फेडावी लागली.

म्हणूनच गेल्या वर्षी जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. महिला किसान अधिकार मंच आणि इथल्या महिला कार्यकर्त्या काही वर्षांपासून ऊसतोड बायांची नोंदणी व्हावी, बाईच्या नावाचं वेगळं ओळखपत्र मिळावं म्हणून गावोगाव फिरताहेत. ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र द्यायचा निर्णय सरकारनं घेतला आहे. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असाही नियम जिल्ह्यात झाला. आमच्याच भागातल्या एका गावी, संध्याकाळी, मी अशा एका बैठकीला गेलो. वीज नेहमीप्रमाणे गेली. एका मुलीनं मोबाईलची बॅटरी लावून धरली आणि उजेडात कोण बसलं होतं? बाया. पारावर, वरती. फॉर्म भरणारीही बाईच, बारावी शिकलेली, तिची माय अजून फडावर जाते. पन्नाशीची एक मावशी फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, ‘हितं माझं नाव लिव्ह. त्यांचं नगं. माझं.’ मुलीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मावशीनं पुन्हा वाचायला लावलं. गडीमाणसं त्या दिवशी भिंतीच्या कडेला उभी होती.

मी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो होतो.

नाव कागदावर येणं का गरजेचं, ते सांगतो. गोपीनाथ मुंड्यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं आहे. गाळलेल्या उसावर कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलं. राज्यात हंगामाला हजार लाख टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे कारखान्यांचेच शंभर कोटी होतात. मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. मला आजी होती म्हणून मी शिकलो, ज्या लेकराला आजी नाही त्याला वसतिगृह पाहिजे, इतकं हे साधं आहे. पण पैसा मजुरापर्यंत यायचा तर मजूर कागदावर असावा लागतो. लाखो माणसं दरसाल या जिल्ह्यातून जातात आणि त्यांची पुरी यादी मुकादमांच्या वह्यांतच सापडते.

तेव्हा पोळा ते दसरा या दिवसांत जे जे आपापल्या गावी असतील, शाळेतली मास्तर मंडळी, कॉलेजची पोरं, बचतगटाच्या ताया, पेन्शनीत निघालेले माझ्यासारखे, त्यांनी एक संध्याकाळ पारावर बसावं. ग्रामसेवकांना बोलवावं, जोडीतल्या दोघांची वेगवेगळी नोंद करून घ्यावी, उचलीचा कागद सही करण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत मजुराच्या हातात ठेवावी. लेकरांची नावं वसतिगृहासाठी तिथंच लिहावीत. माझ्याकडं दोन पावतीपुस्तकं आणि कार्बन अजून आहेत. आमच्या गावात या वर्षी मी बसणार आहे.