किनाबातांगनच्या पाण्यावरून

मलेशियाच्या साबा राज्यातील सांडाकान शहरातून आम्ही सुकाऊ गावाकडे निघालो. दोन तासांहून अधिक प्रवास झाला, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बहुतेक एकच झाड दिसत होते, तेलताड. "अब्बा, जंगल कधी येणार?" मुलीने तीनदा विचारले.

सुकाऊ किनाबातांगन नदीच्या काठी आहे. ५६० किलोमीटर लांबीची ही साबातील सर्वांत मोठी नदी. काठावरचे लोक स्वतःला 'ओरांग सुंगाई', म्हणजे नदीची माणसे म्हणवतात. त्यांपैकी बहुतेक मुसलमान आहेत. नावाड्याने सलाम केला आणि परकेपणा निम्मा सरला.

दुपारी चारनंतर होडी निघाली. लांब नाकाची माकडे याच वेळी झोपण्यासाठी काठावरच्या झाडांवर येतात. ही माकडे जगात फक्त बोर्निओ बेटावर आढळतात. नराचे नाक तोंडावर लोंबते, म्हणून गावकरी गमतीने त्याला 'डच माकड' म्हणतात! बोटांमध्ये थोडा पडदा असल्याने ही माकडे उत्तम पोहतात. नावाड्याने इंजिन बंद केले. वर फांद्या हलत होत्या, धनेश पक्ष्यांच्या पंखांचा आवाज येत होता. या परिसरात धनेशाच्या आठ जाती आहेत.

एका उपनदीवर जाड दोर ताणलेले दिसले. ओरांगउटान पोहून पलीकडे जात नाही. पूर्वी दोन्ही काठांवरच्या मोठ्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडत, तोच त्याचा पूल होता. झाडे तुटली, म्हणून माणसांनी दोर बांधले.

"एका संध्याकाळी इतके प्राणी!" मुलगी हरखली.

नावाडी मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "जंगल मोठे होते तेव्हा इतके दिसत नसत. आता मागे तेलताड, पुढे पाणी. जातील कुठे?" थोडे थांबून म्हणाला, "माझा भाऊ त्याच मळ्यात कामाला आहे. त्याचेही घर चालते."

२००५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झाले. ते सुमारे २६ हजार हेक्टरांचे आहे, पण सलग नाही, तुकड्यातुकड्यांचे आहे. जगात पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार देश आपलाच.

मगरिबच्या वेळी होडी परतली. मुलीने पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढला, मागची बारीक अक्षरे वाचली आणि पुडा माझ्यापुढे धरला. "अब्बा, यातही तेच तेल आहे."

घरी आल्यापासून सामानाची यादी करताना पुडा उलटून पाहायचे काम तिनेच घेतले आहे.