वहिनींची वही



शेतीखात्यात माझी २८ वर्षं गेली. बी.एस्सी. ॲग्री होऊन नोकरीला लागलो तेव्हापासून गावोगाव फिरून एकच काम केलं. इंग्रजीत लिहिलेलं शास्त्र आपल्या भाषेत सांगायचं. औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण असला तर ते औषध अतिविषारी. कपाशीत डोमकळी दिसली तर ती तोडून अळीसकट नष्ट करा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर हालचाल करा. हे सारं तुम्हाला आता पाठ आहे. आज पिकाविषयी लिहीत नाही. घरातलीच एक गोष्ट सांगायची आहे. त्यात चूक माझीही आहे, म्हणून संकोच बाजूला ठेवून सांगतो.

माझ्या थोरल्या वहिनी गावी असतात. वय ५८. घरी दोन म्हशी, चार एकर सोयाबीन. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास आंघोळ करताना त्यांच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं त्यांनी धरलं. पोळा आला तरी कुणाला सांगितलं नाही. दादांनाही नाही.

अगदीच गप्प बसल्या होत्या असं मात्र नाही. दुपारी घरात कुणी नसताना त्या नातवाच्या फोनला विचारत. फोनमध्ये बोललं की तो शोधून देतो ना, तसं. पण स्तन हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. त्या म्हणायच्या, "छातीत गाठ." मग फोन कधी हृदयविकाराची माहिती दाखवी, तर कधी लेप विकणारा कुणी बाबा. दीड महिना वहिनींनी तो लेप लावला. इंग्रजीत याच रोगाची नीट, खरी माहिती भरपूर होती. पण ती वहिनींच्या काय कामाची? मराठीतही डॉक्टरांनी सांगितलेली चांगली माहिती आहे. मात्र ती लेपांच्या गर्दीत हरवते आणि नेमका शब्द उच्चारल्याशिवाय सापडत नाही.

पोळ्यानंतर त्यांनी सुनेला सांगितलं. तालुक्याला डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासणीला पाठवला. अहवाल आला तो दोन पानं, सगळा इंग्रजीत. देणाऱ्याने पाकीट हातात दिलं, समजावून कुणी सांगितलं नाही. हा कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जायचं असतं, हेही घरच्यांना ठाऊक नव्हतं. पुतण्याने त्यातला 'पॉझिटिव्ह' हा शब्द फोनमध्ये घातला. फोनने मराठी करून दिलं, 'सकारात्मक'. दादांनी मला फोन केला, "अरे, रिपोर्ट सकारात्मक आलाय."

मी तेव्हा नुकसानीच्या पंचनाम्यावर होतो. म्हटलं, "बरं झालं." कागद दाखवा, असं म्हणालो नाही.

सोयाबीनची काढणी झाली, मळणी झाली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा तो कागद सहज हाती घेतला. पहिल्याच ओळीत 'कार्सिनोमा' हा शब्द होता. म्हणजे कर्करोग. पाकीट येऊन २४ दिवस झाले होते. माझ्या हातापायातलं बळ गेलं. डब्यावरचं इंग्रजी मी हजारो लोकांना वाचून दाखवलं, आणि घरातला कागद वाचला नाही!

पुढे शहरातल्या रुग्णालयात वहिनींना घेऊन गेलो. रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. तिथल्या एका सिस्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सगळं मराठीत सांगितलं. वहिनी ऐकत होत्या, पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात किती राहणार? त्या रात्री मी शाळेची दोनशे पानी वही विकत आणली आणि माझं जुनंच काम सुरू केलं. एका बाजूला डॉक्टरांचा शब्द, दुसऱ्या बाजूला आपला.

शस्त्रक्रिया म्हणजे किडलेली फांदी कापून काढणं. किरणोपचार, ज्याला लोक शेक देणं म्हणतात, तो फक्त त्या जागेपुरता. किमो म्हणजे आंतरप्रवाही औषध. ते रक्तातून सगळ्या शरीरात जातं, म्हणून केसही गळतात, पण बहुधा पुन्हा येतात. आणि तो पॉझिटिव्ह? अहवालात 'ईआर पॉझिटिव्ह' असं होतं. म्हणजे या गाठीला शरीरातल्या स्त्री-संप्रेरकाचं खतपाणी मिळतं. तणाला ज्या पाटाने पाणी जातं तो पाटच बंद करणाऱ्या गोळ्या असतात. त्या पाच वर्षं, काहींना त्याहून अधिक काळ घ्याव्या लागतात. 'निगेटिव्ह' असलं तर रोग नाही असंही समजू नका. त्या रोगाला या गोळ्या लागू पडत नाहीत, दुसरे उपचार लागतात, एवढाच त्याचा अर्थ. सुई टोचल्याने रोग पसरत नाही. तो शिवाशिवीने होत नाही. कुणाच्या पापानेही होत नाही.

वहिनी ती वही उशाशी ठेवत. शेजारच्या खाटेवरच्या बायका मागून नेऊ लागल्या. एकीने तर मुलाकडून सगळी उतरवून घेतली.

एकदा मी न राहवून विचारलं, "वहिनी, आठ महिने का हो लपवलंत?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, म्हशीची कास जरा कडक लागली तर मी त्याच सकाळी डॉक्टरला बोलावते. कासेवर रोज हात फिरतो ना! आपल्या अंगावर बाई कधी हात फिरवते?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दगडी रोगावर मी घडीपत्रिका लिहिल्या आहेत, मेळाव्यात भाषणं केली आहेत. समोर बहुतेक पुरुष बसलेले असत. बाईच्या अंगाबद्दल बोलण्याची माझी कधी छाती झाली नाही.

आता हाताने तपासण्याचं मोल ऐका. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी असं चार वेळा नुसतं हाताने तपासलं आणि रोगाची माहिती दिली. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. तपासलेल्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि ५० वर्षांवरच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याखालच्या वयात मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. मोठं यंत्र लागलं नाही. समजेल अशा भाषेत बोलणारी बाई आणि शिकलेला हात लागला. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा अंदाज आहे. तेव्हा ही गोष्ट शहरापुरती समजू नका. बार्शीला १९८७ पासून खेड्यातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते, ती उगाच नव्हे.

भगिनींनो, महिन्यातून एक दिवस ठरवा. पाळी येऊन गेली की चार-पाच दिवसांनी, आणि पाळी गेलेल्यांनी कोणतीही एक तारीख धरून. स्तनात किंवा काखेत गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली किंवा आत ओढलेली कातडी, आत गेलेलं बोंड, रक्ताचा स्राव, यांपैकी काही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, लेपवाल्याने नव्हे. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तपासून घ्या. आशाताईंना विचारा. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. तिच्यात कर्करोगाचे उपचार आहेत.

आणि बंधूंनो, फोनवर माहिती शोधून देणार असाल तर लाज सोडून नेमका शब्द घाला, 'स्तनाचा कर्करोग'. सांगणारा कोण आहे ते पाहा. रुग्णालय आहे की काही विकणारा? अहवालाचं भाषांतर फोनकडून करून घेऊन थांबू नका. कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि म्हणा, "साहेब, मराठीत सांगा, मी लिहून घेतो." ते विचारण्यात कमीपणा नाही.

वहिनींचे उपचार झाले. आता रोजची गोळी आणि ठरावीक तपासण्या चालू आहेत. म्हशींच्या धारा पुन्हा त्याच काढतात, पण डाव्या हाताला अजून सूज येते. ते आठ महिने आणि माझे २४ दिवस काही परत येत नाहीत.

हे पान घरातल्या बाईच्या हाती द्या. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. आवाज खाली करू नका.