कँडीच्या स्वयंपाकघरात सहा आठवडे

परदेश म्हटला की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे लंडन-अमेरिका उभी राहते. आमचा परदेश त्या मानाने शेजारचा. 2018 साली एका शिबिराच्या निमित्ताने आम्ही उभयता श्रीलंकेत कँडीला सहा आठवडे राहिलो. 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब या देशात आले होते, म्हणून त्याचे नाव लहानपणापासून कानावर होते. कचेरीतून बिनपगारी रजा घेतली, भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढली. हॉटेल परवडणारे नव्हते, म्हणून शिबिरवाल्यांनी एका शिक्षकाच्या घरी राहण्याची सोय केली.

घरात अम्मा, तात्ता म्हणजे वडील, आणि तीन मुले. थोरल्या मुलीला धाकटी भावंडे अक्का म्हणत. आपलाच शब्द! पुढे कळले, भाताला बत, मिरचीला मिरिस, मिठाला लुणु. अक्काला इंग्रजी येई आणि आम्हाला कचेरीपुरते, त्यावर सहा आठवडे निभावले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अम्माने हाल्मॅस्सो तळायला घेतले. ही बोटभर सुकी मासळी, आपल्या सुक्या मांदेलीची धाकटी बहीण म्हणा. वास सुटताच आम्ही सवयीने उठलो आणि खिडकी लावून घेतली. अक्काने विचारले, "पाऊस आला का?"

काय सांगणार? मुंबईच्या उपनगरात आम्ही अकरा वर्षे भाड्याच्या खोलीत काढली. खोली देताना मालकाने आडनाव विचारून घेतले होते आणि वर अट घातली होती की सुक्या मासळीचा वास जिन्यात येता कामा नये. बोंबील भाजायचे तर रात्री, दार-खिडक्या बंद करून, फटीला ओले फडके लावून. मुले खोकत खोकत जेवायची. हे सारे अक्काला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. तिने अम्माला सांगितले. अम्मा काही बोलली नाही. हात पुसून उठली, खिडकी सताड उघडली आणि कढईत आणखी मूठभर हाल्मॅस्सो टाकले.

तिथे मासळीवाचून पान हलत नाही. नारळाची चटणी करतात, पोल सम्बोल. तीत लाल मिरची, छोटे कांदे, लिंबू आणि उंबलकड, म्हणजे दगडासारखा कडक सुकवलेला मासा कुटून घालतात. मसुराची डाळ नारळाच्या दुधात शिजवतात. ती आम्हाला आधी पचेना, मग सोडवेना. पौर्णिमेला तिकडे सुट्टी असते, मांसाची आणि दारूची दुकाने बंद असतात. त्या दिवशी अम्माने पहाटे किरिबत केला. नारळाच्या दुधातला भात परातीत थापून त्याच्या वड्या पाडायच्या आणि लुणुमिरिसशी खायच्या. हे लुणुमिरिस म्हणजे आपल्या ठेच्याचे सख्खे भावंड.

आता आमची पाळी. मुलांच्या आईने बॅगेतून दोन किलो ज्वारीचे पीठ आणि घरचा काळा मसाला नेला होता. चूल परकी, तवा पातळ, प्रवासात पिठाची विरी गेलेली. पहिल्या दोन भाकऱ्या तव्यावर टाकताच दुभंगल्या. ती बिचारी रडकुंडीला आली. मग कढत पाण्यात पीठ मळले तेव्हा कुठे तिसरी फुगली. बेसन तमिळ दुकानातून आणले होते, त्याचे पिठले झाले. तात्तांनी भाकरीवर पिठले, त्यावर पोल सम्बोल असे रचून खाल्ले. आम्हाला ते विचित्र वाटले. आता घरी आम्हीही तसेच खातो. अम्मा म्हणाली, तिची आई कुरक्कनच्या पिठाची रोटी करायची. कुरक्कन म्हणजे नाचणी.

सगळेच गोड होते असे लिहिले तर ते खोटे होईल. एका रविवारी वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींत 'गोवी बौद्ध' असे वाचले. गोवी म्हणजे काय, असे जेवताना विचारले तर ताटावर शांतता पसरली. ती जात आहे. कँडीच्या स्याम निकायात गोविगम जातीबाहेरच्यांना उपसंपदा मिळत नाही. म्हणून 1800 च्या सुमारास इतर जातींच्या भिक्खूंनी ब्रह्मदेशात जाऊन ती घेतली आणि अमरपुर निकाय उभा केला. हे तात्तांनीच सांगितले, मान खाली घालून. या घरची जात आम्ही विचारली नाही, त्यांनीही आमची विचारली नाही. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, हे मात्र खरे. सकाळी अम्माने हाक मारली, भाकरी शिकव म्हणून.

निघताना तिने भाजलेला मसाला, तुनपहा, आणि उंबलकडचा तुकडा बांधून दिला. उरलेले ज्वारीचे पीठ आम्ही तिच्याकडेच ठेवले.

2022 साली श्रीलंकेत हलाखी आली, गॅसचे सिलिंडर मिळेना. आम्ही काळजीने फोन लावला. अक्का म्हणाली, अंगणात लाकडावर रांधतो. मागून अम्मा काहीतरी मोठ्याने सांगत होती. अक्का हसली. "ती म्हणते, कुरक्कनची भाकरी चुलीवर जास्त फुगते. तुम्ही चूल आहे म्हणून सांगायला हवे होते."