दुरून उघडणारें दार

एका गांवीं बसून शेंकडों कोसांवरील संगणकाचा कारभार पाहतां यावा, ही सोय आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांतील धोका कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. या सोयीचा आरंभ मोठ्या भाबडेपणानें झाला. १९६९ च्या सुमारास निघालेल्या ‘टेलनेट’मध्यें परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जातो, तिजोरीचा आंकडा पोस्टकार्डावर लिहून धाडावा, त्यांतलाच प्रकार! अमेरिकेंतील बर्कले येथून १९८३ मध्यें युनिक्सबरोबर प्रसृत झालेल्या ‘आरलॉगिन’ची तऱ्हा याहून निराळी. एका यंत्रानें दुसऱ्याचें नांव विश्वासाच्या यादींत घातलें, म्हणजे तेथून येणारास परवलीचा शब्दहि विचारावयाचा नाहीं. अमक्याचा पाहुणा म्हटला कीं आपल्याकडे नाहीं का थेट माजघरापर्यंत वाट मोकळी असते? विद्वानांच्या लहानशा वसाहतींत ही रीत शोभली. पुढें वसाहतीचें शहर झालें. यादी मात्र तीच राहिली.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें आपोआप पसरणारा एक प्रोग्राम जाळ्यांत सोडला. टपालसेवेंतील उणिवांबरोबर त्यानें या यादीचाहि लाभ घेतला. सोपे शब्द अटकळीनें ओळखावे, एका घरांत शिरावें, आणि त्या घराच्या पुण्याईवर शेजारच्या घरांत जावें, असा त्याचा क्रम. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ६०,००० यंत्रांपैकीं ६,००० यंत्रें त्याच्या तडाख्यांत सांपडलीं. पुढें कोर्टानें त्याला दंड केला; तुरुंगवास मात्र टळला.

१९९५ मध्यें हेलसिंकी तांत्रिक विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी परवलीचे शब्द चोरून टिपीत असल्याचें उघडकीस आलें. तेव्हां तातू इलोनेन यांनीं ‘एसएसएच’ रचली व सारें संभाषण गूढलिपींत बांधून टाकलें.

मग प्रश्न मिटला, असें वाचक म्हणतील. परंतु २०१६ मध्यें ‘मिराई’ नांवाच्या प्रोग्रामनें घरोघरचे कॅमेरे व रूटर टेलनेटच्या त्याच जुन्या दारानें काबीज केले. कारखान्यांतून आलेला शब्द कोणीं बदललेलाच नव्हता! साठांच्या आसपास ठराविक जोड्या पुरल्या, आणि त्या कॅमेऱ्यांच्या फौजेनें २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील कित्येक नामांकित संकेतस्थळें बंद पाडलीं.

हें सर्व आम्हांस आठवण्याचें कारण घरगुती आहे. मातोश्री ८६ वर्षांच्या. परदेशीं असलेल्या आमच्या पुतण्याचा आग्रह कीं, आजीच्या खोलींत कॅमेरा हवा, म्हणजे रात्रींबेरात्रीं तिला पाहतां येईल. त्याची तळमळ खरी आहे. रात्रीं तोल जाऊन त्या एकदां पडल्या, तें सकाळपर्यंत कोणाला कळलें नव्हतें. कॅमेरा बसवावयास आलेल्या तरुणाला आम्हीं शब्दाविषयीं पुसलें, तों तो म्हणाला, “सगळीकडे आम्ही एकच ठेवतों, विसरायला नको.” मातोश्री पलंगावरून ऐकत होत्या. “बाळ,” त्या आम्हांस म्हणाल्या, “मला कोण कोण पाहणार, तें आधीं विचारून ये.”

तूर्त उशाशीं घंटा ठेविली आहे, आणि धाकट्या सूनबाई रात्रीं त्यांच्याच खोलींत निजतात. कॅमेरा खोक्यांतच आहे. पुतण्याचा फोन रोज येतो.